पीडा उतरवणारी चंद्रमती

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत कुणाला ताप आला, की आधी मेडिकलमधून गोळी यायची आणि मग चंद्रमती यायची. कधीकधी चंद्रमती आधी यायची आणि गोळी राहूनच जायची. गल्लीतल्या मराठी घरांना त्यात काही वावगं वाटत नसे.

चंद्रमती सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत. तिचे जुने विद्यार्थी आता टक्कल पडलेले बाप्ये झालेत, पण रस्त्यात ती दिसली की अजून सिगारेट पाठीमागे लपवतात. देवावर तिचा विश्वास होता, मात्र देवानं कामात दिरंगाई केली तर त्यालाही ती दोन शब्द सुनावील, अशा जातीचा.

तिच्यापाशी एक स्तोत्र होतं. वैद्यनाथाचं, जुन्या मराठीतलं, सासूकडून कानानं आलेलं. तंजावुरात मराठी बोलणारी घरं आहेत, पण देवनागरी वाचणारं माणूस शोधावं लागतं, त्यामुळे अशा गोष्टी तोंडातून कानात आणि कानातून तोंडात, एवढ्याच वाटेनं चालतात. त्यातले निम्मे शब्द चंद्रमतीलाही कळत नसत. दुखणाऱ्याला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, पितळी पेल्यात तुळशीचं पाणी ठेवायचं, दुखऱ्या जागेवर हात ठेवायचा आणि म्हणायला लागायचं. माथ्याची पीडा मानेवर ये, मानेची पीडा खांद्यावर ये, असं करत एकेका अवयवावरून दुखण्याला खाली आणत पायाच्या नखांतून बाहेर काढायचं. शेवटी विचारायचं, "उतरलं कां?" दुखणाऱ्यानं म्हणायचं, "उतरलं." मग विभूती लावायची, पाणी पाजायचं आणि उठायचं.

सासूनं एक नियम मात्र बजावून सांगितला होता. तो शब्द येईपर्यंत उठायचं नाही. नाही आला, तर पुन्हा माथ्यापासून सुरुवात. चंद्रमतीवर पुन्हा सुरुवात करायची वेळ कधी म्हणजे कधीच आली नव्हती. ही गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण तिला ठाऊक होती आणि मनातल्या मनात तिचा तिला फार अभिमान होता.

लोकांना बरं वाटे, हेही खोटं नाही. कुणी जवळ बसून, अंगावर हात ठेवून, तुमच्या टाचेपर्यंतची विचारपूस करतं, तेव्हा कुणालाही बरंच वाटणार. आजकाल एवढं करतंय कोण?

अंबा ही तिची धाकटी जाऊ. दोन घरं सोडून राहायची. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा श्रीकर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा, सून भुवना शाळेत. अंबा काटकुळी, साखरेची जुनी रोगी आणि तक्रारीची भारी कंजूष. हाताला चटका बसला तर आधी तवा जास्त तापला होता का, याची चौकशी करील, मग हाताकडे बघील. चंद्रमतीवर तिची भक्तीच होती म्हणा ना. डॉक्टरच्या गोळ्या ती घ्यायची, पण विसरत विसरत. अक्काचं स्तोत्र मात्र तिला चुकवून चालत नसे.

पंगुणी महिन्यातली, म्हणजे फाल्गुन-चैत्राच्या सुमाराची सकाळ होती, ऊन आत्ताच अंगाला लागत होतं. चंद्रमती पूजा आटोपून उठत होती, तेवढ्यात श्रीकरचा फोन आला. मोठ्या काकूला तो तमिळ रीतीनं पेरियम्मा म्हणे.

"पेरियम्मा, लौकर या हो. आईची पाठ दुखतेय, दंडही. ऑटो बोलावून ठेवलोंय, पण ती उठेना. तुम्ही येऊन म्हटल्याशिवाय कोठें येणार नाही म्हणते."

चंद्रमती पेला घेऊन निघाली. अंबाच्या दारात ऑटो उभा होता आणि ड्रायव्हर मागच्या सीटवर पाय सोडून पेपर वाचत होता. आत अंबा खुर्चीत बसली होती, डोळे मिटून. भुवना शाळेत गेली होती. श्रीकरच्या पायात बूट होते आणि हातात गाडीची किल्ली. त्याच्या कॉलेजात त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक यायचे होते.

"काय झालं गे?" चंद्रमतीनं विचारलं.

"कांही नाही अक्का. काल पिठाचा डबा उचललें, तेच असेल. तुम्ही म्हणा, म्हणजे झालं."

चंद्रमतीनं पाठीवर हात ठेवला आणि सुरू केलं. माथा, मान, खांदे. हाताखाली ब्लाऊज ओला लागला. उकाडाच तसा होता. छातीच्या ओवीला अंबाचा श्वास मध्येच अडल्यासारखा झाला, मग पुढे चालू झाला. पोट, मांड्या, पोटऱ्या, नखं.

"उतरलं कां?"

"उतरलं, अक्का."

विभूती लावली. पाणी पिताना अर्धं हनुवटीवरून ओघळलं. श्रीकर दारात उभाच होता. त्यानं आईकडे पाहिलं, मग पेरियम्माकडे.

"तरी दाखवून येऊं कां?"

"पाहतोस नं, उतरलं म्हणते ती," चंद्रमती म्हणाली. "निजू दे जरा. तू जा तुझ्या परीक्षेला. मी आहें इथेच."

श्रीकरच्या खांद्यावरचं ओझंच गेलं जणू. बाहेर जाऊन त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, "वेंडाम अण्णे, सरियायिडुच्चु." नको आता, बरं झालं. ऑटो फटफट करत गेला, पाठोपाठ श्रीकरची गाडी गेली. अंबा आतून कडी लावून पलंगावर आडवी झाली आणि चंद्रमती घरी येऊन कोवळी कोवक्काई, म्हणजे तोंडली, चिरायला बसली. तिचा नवरा रघुपती, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, खिडकीपाशी पेपर वाचत बसला होता.

चार कोवक्काया चिरून झाल्या आणि हात थांबला.

तो ब्लाऊज ओला होता, पण गार होता. उकाड्याचा घाम गार कसा असेल? तिनं तळहात लुगड्याला पुसला. पुसलेलाच होता तो, तरी परत पुसला. मग दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. "उतरलं कां" यातला "कां" तिच्या तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत अंबाचं उत्तर आलं होतं.

असं उत्तर चंद्रमतीच्या चांगल्या ओळखीचं होतं. फळ्यावर गणित सोडवून ती वर्गाकडे वळायची आणि विचारायची, "पुरिंजुदा?" कळलं का? अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "पुरिंजुदु टीचर!" त्यातही ज्यांना सर्वांत कमी कळलेलं असे, ते सर्वांत आधी ओरडायचे. सुरुवातीची दोन-चार वर्षं ती फसली. मग तिनं तो प्रश्न विचारणंच सोडून दिलं. सरळ एकेकाला फळ्यापाशी उभं करायची. शाळेत जे शहाणपण तिला आलं, ते गल्लीत एकदाही वापरावंसं वाटलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "पोंगलच्या सुमारास तुमच्या कंबरेसाठी म्हटलें होतें नं मी? उतरलं होतं कां?"

"उतरलं म्हणून सांगितलों की," रघुपती पेपरातूनच म्हणाला.

"सांगितलंत ते ठाऊक आहे मज. उतरलं होतं कां, ते विचारतेंय."

रघुपतीनं पेपर खाली घेतला. बायकोकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, जसं काही तिथं सुटकेचा दिवस छापलेला होता.

"तूं फार वेळ बसली होतीस खालीं," तो शेवटी म्हणाला. "तुझे पाय अवघडले असतील म्हटलों."

दुसरा कुठलाही दिवस असता तर त्या उत्तरावर रघुपतीची धडगत नव्हती. आज चंद्रमतीला भांडायलाही सुचेना. किती घरं, किती माणसं, आणि सगळ्यांनी तिचे पाय अवघडतील म्हणून? तिनं विळी आडवी केली आणि उठली.

दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली. हा उंबरा पुढे कित्येक दिवस तिला टोचत राहिला. परत जाऊन अंबाला विचारायचं म्हणजे आपल्या तोंडानं कबूल करायचं, की स्तोत्रानं काही झालं नाही. गल्लीत बातमी पसरायला दुपार पुरते. शिवाय ती झोपली असेल. उठवून विचारलं, तर घाबरेल. घाबरली, तर जास्त होईल. अशी चांगली चांगली कारणं तिनं भराभर गोळा केली. माणूस स्वतःची अब्रू सांभाळताना दुसऱ्याच्या झोपेची फार काळजी करतं. मग तळहाताचा तो गारवा पुन्हा आठवला आणि ती चपला न घालताच निघाली.

"कुकर बंद करा!" एवढंच मागं ओरडली.

अंबाचं दार आतून लावलेलं होतं. तिनं कडी वाजवली. मग मुठीनं. आतून काही नाही. "अंबा! गे अंबा!" खिडकीला पडदा होता. शेजारच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता, त्यापलीकडे काही ऐकू येईना. वैद्यनाथा, मी हिच्या मुलाला धाडून दिलें रे, असं ती पुटपुटत होती. ते स्तोत्रात नव्हतं. किती तरी वेळानं आतून पाय ओढल्याचा आवाज आला आणि कडी निघाली.

अंबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. केस कपाळाला चिकटलेले.

"निजलें होतें अक्का."

"कसं आहे?"

"बरं आहे. उतरलंय की."

पुन्हा तेच, आणि पुन्हा तितक्याच तत्परतेनं. मराठीत विचारलं की मराठीत हेच येणार, हे चंद्रमतीला तिथं उभ्या उभ्या कळलं. तिनं अंबाला धरून पलंगावर बसवलं, स्वतः समोर उभी राहिली आणि वर्गातल्या आवाजात, तमिळमध्ये विचारलं, "अंबा, एंगे वलिक्कुदु?" कुठे दुखतंय?

दोघी जावा आयुष्यात एकमेकींशी तमिळ बोलल्या नव्हत्या. तमिळ भाजीवालीशी, बसच्या कंडक्टरशी, दवाखान्यात. घरात, देवापुढे, सासूपुढे मराठी. अंबा दचकली. परक्या माणसाकडे पाहावं तसं जावेकडे बघत राहिली, आणि परक्याला खरं सांगायला संकोच कसला?

"नेंजुले," ती म्हणाली. छातीत. "ताडैयिले." जबड्यात. मग हळूच, "मूच्चु विड मुडियले, अक्का." श्वास घेववत नाही.

"कधीपासून?"

"काल दिवेलागणीपासून."

चंद्रमती बाहेर आली, तर रघुपती गल्लीतून लगबगीनं येत होता. कुकर बंद करून तोही चपलांविना निघाला होता. "ऑटो!" एवढंच ती म्हणाली, आणि जन्मात घाई न केलेला तो माणूस कोपऱ्यावरच्या स्टँडकडे अक्षरशः पळाला. ऑटो आला तो सकाळचाच. अंबाला आत बसवताना ड्रायव्हर साधेपणानं म्हणाला, "सकाळीच आलो होतो ना अम्मा मी." चंद्रमतीला वाटलं, यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

रघुपती पुढं ड्रायव्हरशेजारी कसाबसा टेकला आणि श्रीकरला फोन लावत राहिला. परीक्षेमुळं फोन बंद. मोठ्या रस्त्यावर टाऊन बस आडवी लागली होती, तिच्यामागे स्कूटर, त्यांच्यामागे हे. हॉर्न वाजत होते आणि कुणी हलत नव्हतं. अंबाचं डोकं चंद्रमतीच्या खांद्यावर आलं होतं आणि क्षणाक्षणाला जास्त जड लागत होतं.

"अक्का," अंबा कुजबुजली, "म्हणा नं."

ओठांवर आलेलं स्तोत्र चंद्रमतीनं आत ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली. म्हटलं, तर ही शेवटी तो शब्द म्हणणार, आणि तो शब्द म्हणून डोळे मिटणार.

"नाही म्हणत," ती म्हणाली. "तूं बोल. आतां कोठें दुखतं? तमिळेंत सांग."

"नेंजुले."

"अजून कोठें?"

"कैयिले." हातात.

"कुठल्या हातात? झोपूं नको. कुठल्या?"

बस सरकली. ऑटो फटीतून घुसला. चंद्रमती विचारत राहिली, अंबा एकेक शब्द देत राहिली, आणि एका वळणावर उत्तर यायला इतका उशीर झाला, की चंद्रमतीनं तिचा गाल धरून हलवला. तेव्हा कुठे "इंगे" आलं. इथे. एवढंच.

हॉस्पिटलात स्ट्रेचर आलं, छातीला वायरी लागल्या, कागदाची पट्टी निघाली. ड्यूटीवरची डॉक्टर पोरगेलीच होती. पट्टी बघता बघता तिनं नर्सला चार सूचना दिल्या आणि मग चंद्रमतीकडे वळली. हार्ट अटॅक आहे, साखरेच्या पेशंटना दुखणं कधीकधी पाठीत, जबड्यातच कळतं. सकाळी का नाही आणलंत?

"आणत होते. मी थांबवलें," चंद्रमती तमिळमध्ये म्हणाली.

डॉक्टरला ते ऐकायला वेळ नव्हता. ती गेलीसुद्धा. चंद्रमतीला मात्र कुणी तरी ते ऐकायला हवं होतं. ती बाकावर बसली. रघुपतीनं आणलेली कॉफी डवऱ्याच्या पसरट वाटीत गार झाली. काचेच्या दाराआड काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि दार उघडलं की ती उठून उभी राहायची. प्रत्येक वेळी बाहेर येणारं माणूस दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यायचं. जप करावा म्हटलं तर जमेना. देवाशी काय बोलावं, हेच कळेना. इतकी वर्षं ती त्याच्या नावानं उत्तर ऐकून घरी येत होती, आणि ते उत्तर तिनंच लोकांच्या तोंडात घालून ठेवलं होतं.

श्रीकर आला तेव्हा दुपार उलटली होती. तो तिच्या शेजारी बसला.

"ऑटो मी परत धाडलों, पेरियम्मा," तो म्हणाला.

"माझ्या सांगण्यावरून."

"हो," श्रीकर म्हणाला. मग तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

संध्याकाळी मोठे डॉक्टर बाहेर आले. नळी मोकळी करून आत जाळी बसवली होती. जीव वाचला आहे, ते म्हणाले. हृदयाचा थोडा भाग कामातून गेला, लवकर आणलं असतं तर तोही वाचवता आला असता. यापुढं जिने चढायचे नाहीत, जपून राहायचं. श्रीकर डॉक्टरांचे हात धरून रडला. चंद्रमतीनं "लवकर आणलं असतं तर" तेवढं ऐकलं, आणि ते तिच्या आत जाऊन बसलं ते बसलंच.

आयसीयूत एकेकाला थोडा वेळ सोडत होते. आधी श्रीकर आणि भुवना जाऊन आले. मग ती गेली. अंबा पांढऱ्या चादरीत एवढीशी दिसत होती, नाकात नळी, हाताला सुई. चंद्रमती पायथ्याशी उभी राहिली. आता ही काय बोलेल ते सगळं ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. अंबानं डोळे उघडले आणि बोटानं तिला जवळ बोलावलं.

"गल्लीत सांगूं नका अक्का," ती मराठीत कुजबुजली. "उतरलं नाही म्हणून. मग तुम्हांस बोलवील कोण?"

चंद्रमतीला रडू फुटलं. खणखणीत आवाजाची बाई, ती रडायचीही खणखणीतच. नर्स धावत आली आणि बाहेर घालवीन म्हणून दम देऊन गेली. पदरानं तोंड पुसून चंद्रमती स्टुलावर बसली.

"सांगणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडानं घरोघर सांगणार. तूं मला सांग, आतां कोठें दुखतंय?"

अंबानं नजर छताकडे वळवली. इतक्या वर्षांची सवय, अशी एका दिवसात थोडीच सुटते.

"सुई टोचतेय," ती शेवटी म्हणाली.

"अजून?"

"एसी फार गार आहे. पाठ अवघडली. छातीतही आहे, थोडं." ती थांबली, जावेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आता सांगून टाकावंच असं ठरवल्यासारखी म्हणाली, "आणि गुडघे, अक्का. श्रीकरच्या लग्नाच्या वर्षी तुम्ही म्हटलांत नं, ते कधी गेलेच नाहीत. एक दिवसही नाही."

चंद्रमतीनं चादरीखाली हात घालून तिचे गुडघे चाचपले. हाडंच होती नुसती, सुजलेली. ती स्टूल ओढून पायाशी सरकली आणि नर्स पुन्हा येऊन उठवेपर्यंत ते दाबत बसली.